पानावर उभं राहणं

सरस उकळायला लागला की आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. जनावरांच्या हाडांपासून केलेला तो डिंक पाण्यात भिजवून मंद आचेवर चढवला की त्याचा वास लाखोरीच्या डाळीच्या फोडणीलाही हटत नसे. बाबा अंगणातल्या चुलीपाशी बसून लाकडाच्या उलथण्याने तो ढवळत राहायचे आणि मग त्यात एकेक भुकटीचा रंग कालवायचे. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. त्याआधीचे दोन महिने आमचं अंगण पडद्यांचं असे. नटांच्या मागे टांगायचे मोठाले कापडी पडदे: दरबार, जंगल, रस्ता, दिवाणखाना. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावात बाबांना सगळे शालिक पेंटर म्हणत. हंगाम नसला की ते दुकानांच्या पाट्या रंगवत, पण स्वतःला पडद्यांचा पेंटर समजत. शाळेतून आल्यावर दप्तर घेऊन घरात जायचं तर मला आधी एखाद्या वाळत घातलेल्या राजवाड्याखालून वाकून जावं लागे. कापड ओलं असेल तर वेणीला रंग लागे आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सिस्टर विचारत, हे काय आहे. मी इंग्रजीत सांगत असे की काही नाही.

नवं कापड क्वचितच येई. नाटक मंडळाचे लोक जुनाच पडदा आणून टाकायचे आणि म्हणायचे, यंदा यावर जेल काढून द्या. बाबा तो पडदा गावाबाहेरच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, भिजवायचे, काठावरच्या दगडावर आपटायचे. सरसातला रंग पाण्यात सुटतो. बोडीचं पाणी तासाभरात हिरवं-पिवळं होई आणि राजवाड्याचे खांब बेडकांच्या अंगावरून वाहून जात. तरी सगळं जात नसे, निळ्याची झाक राहायचीच. म्हणून नवा पडदा काढण्याआधी बाबा कापड उलटं टांगायचे आणि मला म्हणायचे, "पाठ पाय." आमच्याकडे पाय म्हणजे पाहा. मी पाठ पाहायची आणि सांगायची, इथे आधी खिडकी होती, इथे झाडाचा बुंधा होता. मग ते नव्या चित्रातलं झाड बरोबर त्या बुंध्यावर आणायचे, म्हणजे जुना डाग लपे. माझ्या आयुष्यातलं पहिलं संशोधन हेच, आणि त्यात मी तरबेज होते. पाठ पाहायला कोणाशी बोलावं लागत नाही.

आज मी ज्या विद्यापीठात शिकवते तिथली मुलं विचारतात की हुकूमशाहीच्या काळातल्या चित्रकारांचा विषय तुम्हाला कसा सुचला. त्यांना मी एका व्याख्यानाची हकीकत सांगते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. आत्मकथन लिहायचं माझं वय अजून झालेलं नाही, असं आई फोनवर म्हणालीच. तरी हे एवढं प्रकरण आता लिहून ठेवते. त्यातली माणसं अजून आहेत, आणि चुकलं तर मला टोकतील.

आई आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. मला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट तिचा. सकाळच्या बसने मी जायची आणि येताना वेगळी मुलगी होऊन यायची, असं बाबा म्हणत. शाळेत माझी मराठी गावठी ठरे आणि गावात माझी मराठी पुस्तकी. त्यावर मी काढलेला तोडगा म्हणजे कमी बोलणं. गावात नाटकाची तालीम असली की दुपारी मी बाबांबरोबर रंगमंचावर जाऊन पडद्याच्या मागे बसायची. तिथून माणसं पाहता येतात आणि कोणी तुम्हाला काही विचारत नाही. मंडळात एक शब्द सारखा ऐकू येई. एखादा नट गाफील दिसला की तालीम घेणारे मास्तर ओरडत, "पानावर ये, पानावर." दिवाणखान्याच्या पडद्याशी ही आरोळी हमखास असे. मला वाटे, पान म्हणजे नाटकाच्या वहीचं पान. आपलं वाक्य ज्या पानावर आहे तिथे लक्ष ठेव, असा अर्थ मी माझ्या मनाशी लावून टाकला होता. तसं मी वर्गात एका निबंधात लिहिलंही होतं, इंग्रजीत, आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती.

एम.ए. संपवून मी घरी परतले तेव्हा माझ्या हातात एक नकार होता. पूर्व युरोपातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी मी शिष्यवृत्तीचा अर्ज केला होता. विषय असा: हुकूमशाहीत ज्या चित्रकारांना नेत्यांची, कारखान्यांची, हसऱ्या शेतकऱ्यांची सरकारी चित्रं काढावी लागली, त्यांच्यातल्या काहींच्या कॅनव्हासवर त्या चित्राखाली किंवा पाठीवर दुसरंच चित्र सापडतं. कुठे नुसते रंगांचे चौकोन, कुठे बंदी घातलेल्या पद्धतीने काढलेला चेहरा. मी ठासून लिहिलं होतं की हा प्रत्येक चित्रकार लपून प्रतिकार करत होता. मुलाखत संगणकावर झाली. समोर तिघं होते. त्यांच्यातल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, हे तुम्हाला कसं माहीत? मी एका पुस्तकातलं वाक्य म्हटलं. त्या म्हणाल्या, ते पुस्तक मीही वाचलं आहे. त्यानंतर मी जे गप्प झाले ते मुलाखत संपेपर्यंत. पडदा लावलेला असता तर मागे जाऊन बसले असते. नकाराच्या पत्रात एवढीच मेहेरबानी होती की पुढच्या वर्षी एकदा, शेवटचं, पुन्हा यायला हरकत नाही.

ते पुढचं वर्ष आलं होतं. मुलाखतीला आठ दिवस राहिले होते. आईने बी.एड.चा फॉर्म भरून कपाटावर ठेवला होता, त्यावर फक्त माझी सही हवी होती. तुमसरच्या एका इंग्रजी शाळेत ओळखही काढून ठेवली होती. ती दुष्टपणा करत नव्हती. नर्सबाईंना माहीत असतं की एक इंजेक्शन लागू पडलं नाही तर दुसरं भरून तयार ठेवावं. मी रोज तोच अर्ज काढून वाचायची आणि त्या एका प्रश्नाशी येऊन थांबायची. गेल्या वर्षभरात मी पुष्कळ वाचलं होतं, तरी उत्तर मिळालं नव्हतं.

अशातच एका सकाळी माणिकमामा आले. नात्याने मामा नव्हेत, गावाने. ते ढिवर, गावतलावात मासे धरतात, आणि मंडळात तीसेक वर्षं खलनायकाचं काम करत आलेत. एरवी इतका मऊ माणूस की बाजारात मासोळी तोलताना काटा नेहमी गिऱ्हाइकाकडे झुकवतो. त्यांच्या सायकलच्या दांडीला झिंग्यांची पिशवी होती आणि मागे आडवी बांधलेली पडद्याची गुंडाळी. मंडळाने यंदापासून फ्लेक्सचे छापील पडदे घ्यायचं ठरवलं होतं. नागपूरहून छापून येतात, हलके, आणि फोटोतल्यासारखे लखलखीत. जुने पडदे ज्याने रंगवले त्याला देऊन टाकायचे. माणिकमामांनी तो दिवाणखाना ओसरीवर टेकवला आणि बातमी सांगून टाकली, जशी कोणी मयतीची सांगतं, पाणी मागायच्या आत. बाबा एका दुकानाच्या पाटीवर अक्षरं भरत होते. त्यांनी चालू असलेलं अक्षर पूर्ण केलं. मग ब्रश पुसत म्हणाले की बरं झालं, भाताच्या तणसाच्या ढिगावर टाकायला कापड पाहिजेच होतं.

"फ्लेक्सले पाठ नसते गा शालिक," मामा म्हणाले. "मांगून पायलं तं पांढरं फटक. आता उभा कुठं राहू मी?"

बाबा हसले. मला काही कळलं नाही, पण मी विचारलंही नाही. दोघांनी मिळून तो पडदा अंगणातल्या तारेवर टाकला. कापड कुठे विरलंय ते तणसावर टाकण्याआधी पाहायचं होतं. सकाळचं ऊन पडद्याच्या तोंडावर पडलं होतं आणि आम्ही तिघंही सवयीने पाठीकडे गेलो. उलट्या बाजूने दिवाणखाना फिका दिसत होता: खुर्ची, खिडकी, भिंतीवर टांगलेली एक चौकट. पुढून त्या चौकटीत फुलदाणी होती, ती मी कैकदा पाहिलेली. पाठीवर फुलदाणीचा पत्ता नव्हता. तिथे काळपट हिरवं, टोक लांब निघालेलं पिंपळाचं एक पान होतं, तळहाताएवढं, कापडात पुरतं मुरलेलं. लहानपणी मी खाली बसायची आणि ते पुरुषाच्या डोक्याच्या उंचीवर होतं. अंधुक आठवलं की तिथे काहीतरी डाग दिसायचा आणि तो ओल आल्याचा आहे असं मी समजून चालले होते. पाठ पाहण्यात तरबेज असलेली मी.

"हे पाय माह्यं पान," मामा मला म्हणाले. "समोरचे लाइट लागले का मांगून हे असं दिसते. याच्या जवळ उभं रायलं का एंट्री बरोबर दारातून होते. साऱ्या मंडळाची सवय हाय. पानावर ये म्हन्ते मास्तर, ते काय उगाच?"

मी सांगितलं की मला ते वहीचं पान वाटायचं. मामा इतके हसले की त्यांना पिशवी खाली ठेवावी लागली. "घ्या. इंग्रजी मॅडमनं आमाले वही वाचाले लावलं. अवं बाई, आमच्यातल्या अर्ध्यायले वाचता येते का?"

मग हसणं ओसरल्यावर त्यांनीच बाकीचं सांगितलं. बाबा मध्ये पडले नाहीत, पाटीच्या रंगाच्या डब्यात उगाच काडी फिरवत राहिले. पडदा नवा होता तेव्हा चौकटीत पुढूनही पानच होतं. आम्ही बौद्ध. आमच्या विहाराच्या दाराशी पिंपळ आहे, आणि आमच्याकडे कोणाच्याही घरी भिंतीवर ते पान दिसतं, त्यात कोणाला नवल वाटत नाही. पण मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी पडदा पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे कोनाचं घर दाखवून रायला तू, शालिक?" प्रश्न गोड आवाजात होता. दुसऱ्या दिवशी बाबांनी पानावर पांढरं मारून फुलदाणी काढून दिली. पडदा पुढच्या वर्षांत दोनदा धुतला गेला, दोन्ही वेळा नवा दिवाणखाना चढला. फुलदाण्या वाहून गेल्या. पान गेलं नाही, कारण ते सरसाच्या रंगात नव्हतंच. ते पाटीच्या ऑइल पेंटमध्ये होतं.

मी हरखले. हे लिहिताना मला त्याची थोडी लाज वाटते. मला बाबांच्या अपमानाचं आधी काही वाटलं नाही, आधी वाटलं की उत्तर मिळालं. माझ्याच अंगणात, माझ्याच बापाने. मी त्यांना जवळजवळ दरडावून विचारलं की तुम्ही मुद्दाम केलं ना, पान पाठीवर राहावं म्हणून ऑइल पेंट वापरलात ना.

"सरसाचा हिरवा सरला होता," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, पण ऑइल पेंट धुऊन जात नाही हे तुम्हाला माहीत होतं.

"पेंटरले माहीत नसन का?"

मग? मी थांबले नाही. एरवी मी कोणालाच इतके प्रश्न विचारत नसे. बाबांनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं की नाही ते अंगठ्याने चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "माहीत असनं एक आन मनात असनं एक. तवा मनात काय होतं, मले आता नाही सांगता येत, बाई. तुले पाहिजे म्हनून सांगू का?"

आई उपकेंद्रात जायला निघाली होती, दारात चप्पल घालत होती. ती म्हणाली की त्या दिवसाचं तिला चांगलं आठवतं. मी मोठ्या आशेने तिच्याकडे पाहिलं. "यायनं त्या दिवशी दोनदा भात मांगून खाल्ला," ती म्हणाली, "आन दुपारभर झोपले." एवढी साक्ष देऊन ती गेली.

त्या दिवशी झिंग्यांची भाजी झाली, चिन्नोरचा भात होता, आणि मला चव लागली नाही. मला बाबांचा राग आला होता. त्यांनी फक्त हो म्हटलं असतं तर माझं काम झालं असतं. संध्याकाळपर्यंत कधीतरी लक्षात आलं की त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी आणि बाबांनी मला एकच प्रश्न विचारला होता. माझ्या अर्जातल्या त्या सगळ्या परक्या चित्रकारांकडूनही मी असंच, मला पाहिजे म्हणून, वदवून घेत होते. ते बिचारे मेलेले, त्यांना झाकण लावून नाही म्हणता येत नव्हतं. मी अर्जासोबतचं टिपण फाडलं नाही, तसं करायला मी नाटकातली नाही. त्यातला प्रत्येक "प्रतिकार" हा शब्द मात्र मी पेन्सिलीने गोल केला आणि प्रत्येक गोलाशेजारी लिहिलं: रंग कोणता? तो धुऊन जाणारा होता का? पाठीकडे कोण उभं राहत होतं? तीन प्रश्न. तिसरा माणिकमामांचा.

मुलाखत दुपारी होती, तिकडे तेव्हा सकाळ. मी ओसरीत खुर्ची टाकली, तिथे नेटवर्क बरं येतं. बाबांनी त्या दिवशी हातोडी, सायकल, कोंबड्या, सगळ्यांचा आवाज बंद ठेवायची जबाबदारी घेतली होती. समोर तेच तिघं. बाईंनी तोच प्रश्न विचारला, बहुधा शब्दही तेच. मी म्हटलं की मला माहीत नाही. एवढं बोलल्यावर मला नेहमीसारखं गप्प व्हायचं होतं, पण पुढचं वाक्य तयार होतं आणि ते आलं. मी म्हटलं की चित्रकाराच्या मनात काय होतं हे अनेकदा त्यालाही सांगता येत नाही. मात्र तो कोणता रंग उचलतो हे सांगता येतं, आणि त्याला आपल्या रंगाचे गुण माहीत असतात. पुढून कोण पाहणार होतं हे आपण लिहीत आलो आहोत. मला पाठीकडच्या माणसांचं लिहायचं आहे: चौकटी ठोकणारे, चित्रं उचलून नेणारे, कोठाराचे पहारेकरी. त्यांना काय दिसत होतं आणि ते त्याचं काय करत होते. मग मी पानाची गोष्ट सांगितली. इंग्रजीत पान आणि पान हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे माझी चूक समजावून सांगायला बराच वेळ लागला. तिघंही हसले आणि मीही हसले. मुलाखतीत हसता येतं हे मला तेव्हा कळलं.

बाईंनी विचारलं, ते कापड अजून आहे का, बघता येईल का.

मी लॅपटॉप उचलून अंगणात गेले. पडदा तारेवरच होता, पण ऊन आता पश्चिमेचं, त्यामुळे पाठीवर पडत होतं आणि पान ओळखू येत नव्हतं. मी बाबांना म्हटलं की पडदा फिरवायला हवा. त्यांनी विचारलं नाही कशाला, विचारलं ते एवढंच, "काय दाखवाचं हाय, तोंड का पाठ?" मी म्हटलं, पाठ. त्यांनी एकट्याने तो सबंध दिवाणखाना तारेवरून ओढून काढला, खांद्यावर घेऊन उलटा केला आणि पुन्हा टाकला. ऊन तोंडाकडून आलं आणि पाठीवर पान उमटलं. लॅपटॉपमधले तिघंही स्क्रीनकडे झुकले. मी पानाच्या बाजूला उभी राहिले होते, कॅमेरा धरायला सोयीचं पडावं म्हणून. ती बरोबर मामांची जागा होती हे नंतर ध्यानात आलं.

शिष्यवृत्ती मिळाली. बी.एड.चा फॉर्म आईने कपाटावर आणखी वर्षभर ठेवला, इंजेक्शनचा नियम म्हणून. पुढे त्या देशातल्या एका संग्रहालयाच्या तळघरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा कारकुनाने एका मोठ्या नेत्याचं तैलचित्र माझ्यासमोर ठेवलं आणि बाजूला झाला. मी म्हटलं, उलटं करा. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मी दोनदा सांगितलं, न अडखळता. त्या पाठीवर काय निघालं ते माझ्या प्रबंधात आहे. तिथे मी कुठेही लिहिलेलं नाही की चित्रकाराच्या मनात काय होतं, आणि परीक्षकांनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली.

पण हे प्रकरण त्या दुपारचं आहे. लॅपटॉप मिटून मी ओसरीवर बसले. बाबा अजून तारेपाशीच होते, कापडाची कड चिमटीत धरून.

"तायले दिसलं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दिसलं.

"मंग आता धुऊन टाकू का? तणसावर टाकाले कोरं कापड बरं रायते."

मी म्हटलं, बाबा, नका धुऊ.

त्यांनी पडद्याची कड सोडली. पानाकडे पाहत होते की त्याच्या पलीकडे, ते मला दिसलं नाही, कारण त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"धुतलं तरी काय," ते म्हणाले. "ऑइल पेंट हाय तो. जात नाही."